पेस्ट्री रोलचा तळ कच्चा का राहतो, आणि आदल्या रात्री काय करून ठेवावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रविवारी सकाळी दहा माणसांसाठी पफ पेस्ट्रीचे खारे रोल केलेत. आत पालक, उकडलेला बटाटा आणि चीज. सकाळी धावपळ नको म्हणून शनिवारी रात्रीच सारण भरून, पारी तीन वेढे देऊन गुंडाळली, काप करून ट्रेवर मांडले आणि फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी २०० अंशांवर भाजले. वरून सोनेरी झाले, पण खाली ओली, कच्ची कणीक. तीन-चार रोल सांध्यावर फुटले आणि चीज ट्रेवर वाहून करपलं. आता पुढच्या रविवारी पुन्हा करायचेत, तर ओव्हन जास्त तापवू का, की रोल रात्रीच भाजून सकाळी नुसते गरम करू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नकोत. ओव्हन वाढवलात तर वरचा पापुद्रा काळा पडेल आणि तळ होता तसाच राहील. रात्री भाजून ठेवलेत तर सकाळपर्यंत सारणाचा ओलावा पारीत उतरून सगळा रोल मऊ पडेल, मग कितीही गरम करा, पहिला खुसखुशीतपणा पूर्ण येत नाही. तुमच्या रोलचं जे बिघडलं ते ओव्हनचं दार उघडायच्या कितीतरी आधी बिघडलं होतं. ओलसर सारण कच्च्या पारीला टेकून रात्रभर बसून राहिलं, ही एक गोष्ट. दुसरी, ते तीन वेढे. मी १८ वर्षं पहाटे उठून असे रोल भाजते आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून पहिल्या आठवड्यात यातली एक तरी चूक होतेच. तेव्हा हिरमुसू नका. दोन्ही गोष्टी हमखास सुधारतात.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमची पेस्ट्री लोण्याची आहे की वनस्पती तुपाची, ओव्हनला पंखा आहे की नाही, ट्रे काळ्या पत्र्याचा आहे, ॲल्युमिनियमचा आहे की काचेचा, यावर मिनिटं आणि अंश बदलतील. म्हणून पुढचे आकडे सुरुवात म्हणून धरा आणि एकदा-दोनदा करून आपल्या ओव्हनशी जुळवून घ्या. कामाचा क्रम मात्र कुठल्याही ओव्हनला तोच लागतो.

आधी आत काय घडतं ते सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते लक्षात येईल. पफ पेस्ट्रीत यीस्ट नसतं, बेकिंग पावडरही नसते. ती फुगते निव्वळ वाफेवर. पिठाच्या पोळीत लोण्याची लादी ठेवून तिची तीन पदरी घडी घालतात, लाटतात, पुन्हा घडी घालतात. असं सहा वेळा केलं की लोण्याचे ७२९ थर होतात आणि प्रत्येक थराच्या दोन्ही अंगांना पिठाचा कागदाहून पातळ पदर असतो. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ओव्हनच्या धगीत त्या पाण्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती १,६०० पटींहून जास्त जागा मागते. ती पदरांना उचलते, वितळलेलं लोणी पदरांना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि तेवढ्या अवधीत पदर भाजून कडक होतात. हे सगळं जमून यायला पदर सुटे हवेत, ओव्हनमध्ये जाईपर्यंत लोणी घट्ट हवं, आणि पदरांना वर उचलायला मोकळी जागा हवी.

आता तुमचा रोल बघा. सारणातलं पाणी रात्रभर तळाच्या पदरांत मुरत गेलं. पिठाने ते पिऊन घेतलं, पदर एकमेकांत मिसळले आणि खाली कणकेचा गोळा तयार झाला. तो ओव्हनमध्ये गेला तेव्हा त्यात पदर उरलेच नव्हते. शिवाय ज्या जागी पाणी आहे त्या जागेचं तापमान ते पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही. पेस्ट्रीला खमंग तांबूस रंग यायला मात्र पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो. ओव्हन २०० वर ठेवा नाहीतर २३० वर, ओला तळ १०० अंशांवरच रेंगाळणार आणि कोरडा असलेला वरचा भाग तेवढ्यात भाजून निघणार. तुमच्या रोलची वरची बाजू सोनेरी आणि खालची कच्ची अशी दोन रूपं का झाली, त्याचं उत्तर एवढंच आहे.

म्हणजे सगळ्यात आधी पाण्याचा बंदोबस्त. तो सारणात करायचा.

पालकाचं अंगचं पाणी फसवं असतं. जुडी हातात कोरडी लागते, पण तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. नुसता परतून तो कढईत कोरडा दिसला म्हणून थांबू नका. माझी रीत अशी आहे. ४०० ग्रॅम पाला धुऊन गरम पॅनमध्ये दोन मिनिटं उलटसुलट करायचा, नुसता मान टाकेपर्यंत. मग ताटात पसरून हात लावता येईल इतका निवू द्यायचा. त्यानंतर स्वच्छ सुती फडक्यात बांधून पिळायचा. पहिल्या पिळ्याला हिरवं पाणी धो धो येतं आणि झालं असं वाटतं. तिथे थांबायचं नाही. फडकं उघडायचं, पालकाचा गोळा मोडून मोकळा करायचा आणि पुन्हा बांधून पिळायचा. दुसऱ्या वेळीही अर्धी वाटी पाणी निघतं. तिसऱ्या वेळी नुसते थेंब येतात आणि मनगटं भरून येतात, तेव्हा तो पालक रोलसाठी तयार झाला. ४०० ग्रॅमचा १६०-१७० ग्रॅमचा घट्ट गोळा उरतो. तो सुरीने बारीक चिरायचा. मिक्सरला लावू नका, पाणी पुन्हा मोकळं होतं आणि सारण चिकट होतं.

बटाटा तुम्हाला मदत करणारा आहे, फक्त उकडल्यावर साल काढून लगेच कुस्करायचा आणि पॅनमध्ये मंद आचेवर दोन मिनिटं हलवायचा, म्हणजे त्याची वाफ निघून जाते. असा कोरडा केलेला बटाटा उरलासुरला ओलावा धरून ठेवतो. कांदा नीट गुलाबी, थोडा तपकिरी होईपर्यंत परता. अर्धवट परतलेला कांदा ओव्हनमध्ये गेल्यावर पुन्हा पाणी सोडतो. अळिंबी वापरणार असाल तर ती सगळ्यात अवघड. मोठ्या आचेवर, पॅनमध्ये दाटी न करता, मीठ घालून, पाणी सुटून ते पूर्ण आटेपर्यंत आणि अळिंबी पॅनला लागून चरचरायला लागेपर्यंत परतावी लागते. टोमॅटो मी या रोलमध्ये कच्चा घालत नाही. घालायचाच तर बिया काढून, जॅमइतका घट्ट आटवून.

मिठाबद्दल एक बारीकशी गोष्ट. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून ते भाजी पॅनवर असताना घाला, म्हणजे जे सुटायचं ते तिथेच सुटेल आणि उडून जाईल. सारण गार झाल्यावर चव बघून वरून मीठ घालायची सवय असेल तर इथे ती मोडा. गार सारणात पडलेलं मीठ रात्रभर पाणी काढत बसतं आणि सकाळी वाटीच्या तळाशी तळं साचलेलं दिसतं. चीज स्वतः खारट असतं हेही धरून चाला.

चीज वाहून गेलं त्याची दोन कारणं. एक म्हणजे मऊ, ओलं चीज. ताज्या मोझरेलासारख्या चीजमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं. ते उकळायला लागलं की सांधा उचकटून बाहेर येतं. मुरलेलं, कडक चीज किसून घातलंत तर ते सारणात मिसळून राहतं. दुसरं कारण प्रमाण. १०० ग्रॅम सारणाला १५ ते २० ग्रॅम चीज पुष्कळ झालं. त्याहून जास्त घातलं की चव वाढत नाही, वितळलेलं तेल मात्र वाढतं. पनीर किंवा फेटा वापरलंत तर ते फडक्यात घालून दाबून घ्या.

सारण पुरेसं कोरडं झालंय की नाही हे बघायला माझ्याकडे एक साधी खूण आहे. चमचाभर सारण कागदी रुमालावर ठेवायचं आणि दहा मिनिटांनी उचलायचं. खाली तेलकट डाग उमटला तर चालेल. पण कागद ओला होऊन चिकटला, फाटला, तर सारण पुन्हा पॅनवर घ्यायचं. तरीही धाकधूक वाटली तर ३०० ग्रॅम सारणाला दोन मोठे चमचे कोरडा पावाचा चुरा मिसळा, किंवा पारीवर चुऱ्याची पातळ रेघ पसरून तिच्यावर सारण ठेवा. हा उपाय शेवटचा. कच्चं पाणी चुऱ्याने झाकायला जाल तर सारण पिठूळ लागतं.

आणि सारण गार हवं. नुसतं कोमट नाही, फ्रीजमधून काढल्यासारखं गार. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, मऊ तर त्याच्या बरंच आधी पडायला लागतं. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या नाश्त्याची तयारी करताना उशीर झाला म्हणून मी अळिंबीचं सारण कोमट असतानाच भरलं होतं. हाताला ते गरम लागतही नव्हतं. ४० रोल होते. भाजायला ठेवल्यावर पाच मिनिटांत ट्रेमध्ये लोण्याचं तळं झालं आणि रोल त्यात तळल्यासारखे बसून राहिले, एकही फुगला नाही. पाहुणे जेवणाच्या टेबलाशी बसलेले आणि ओव्हनमध्ये ही अवस्था. त्या दिवसापासून सारण आदल्या दिवशी करून झाकून फ्रीजमध्ये ठेवते, आणि सकाळी तळाशी पाणी दिसलं तर ते ओतून देते.

इथेच तुमच्या मूळ अडचणीचं, म्हणजे आदल्या रात्री काय करून ठेवावं याचं उत्तर सुरू होतं. सारण आणि पारी वेगवेगळी असतील तोवर दोन्ही सुखाने राहतात. एकत्र आली की घड्याळ सुरू झालं असं समजा. भरलेला कच्चा रोल फ्रीजमध्ये मी फार तर दोन तास ठेवते. त्याहून जास्त वेळ ठेवायचा असेल तर फ्रीज सोडून फ्रीजर.

फ्रीजर हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो, आणि दहा माणसांच्या नाश्त्याला तुम्ही तोच घ्यावा असं सुचवेन. भरून, कापून झालेले रोल ट्रेवर बटर पेपर घालून एकमेकांना न लागतील असे मांडायचे आणि उघडेच दोन तास फ्रीजरमध्ये ठेवायचे. दगडासारखे झाले की हवाबंद डब्यात किंवा पिशवीत भरायचे. गोठलेलं पाणी पारीत मुरू शकत नाही, म्हणून रात्र काय, उणे १८ अंशांवर महिनाभरही ते चांगले राहतात. सकाळी बाहेर काढून निवांत सुटायला ठेवू नका. वितळताना पुन्हा तेच पाणी सुटेल. गोठलेले तसेच गरम ओव्हनमध्ये जाऊ द्या. फक्त भाजायला सहा ते आठ मिनिटं जास्त लागतात.

तुमच्या फ्रीजरमध्ये ट्रेला जागाच नसेल तर दुसरी वाट. रात्री सारण करून फ्रीजमध्ये ठेवा, गोठलेली पेस्ट्री फ्रीजरमधून काढून रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या, आणि सकाळी भरा. २४ रोल भरायला सवयीच्या हाताला अर्धा तास लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याला तासभर धरा. पेस्ट्री घाईने ओट्यावर सुटायला ठेवू नका. कडा मऊ आणि मध्य कडक अशी विचित्र होते, उलगडताना तडकते.

आता तीन वेढ्यांबद्दल. चटईसारखं गुंडाळून काप केले की आतली चक्री दिसायला सुरेख दिसते, हे मान्य. पण पफ पेस्ट्रीचे पदर वर उचलायचे तर त्यांच्यावर मोकळी हवा हवी. आतल्या वेढ्यांवर बाहेरच्या वेढ्यांचा दाब, दोन्ही बाजूंना ओलं सारण. ते पदर उकडल्यासारखे होतात, भाजत नाहीत. पफ पेस्ट्रीला एकच वेढा द्या आणि सांध्यापुरती एकावर एक कड घ्या. चक्रीच हवी असेल तर यीस्टच्या मऊ पिठाची करा. ते पीठ पावासारखं शिजतं, सारणाचा थोडा ओलावा त्याला मानवतो, आणि एकमेकांना टेकून भाजलं तरी बिघडत नाही.

एका वेढ्याच्या रोलची मापं सांगते. पेस्ट्री ३ मिलिमीटर जाड लाटा. तयार पत्रे बहुधा याच्या आसपासच असतात, मग लाटायची गरज नाही. ३६ सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एका पट्टीला १७०-१८० ग्रॅम सारण लागतं. ते पट्टीच्या लांब कडेपासून दोन सेंटिमीटर आत, बोटाहून थोड्या जाड अशा सलग वळीसारखं ठेवा. व्यास अडीच सेंटिमीटर धरा. लोक हमखास जास्त भरतात. भरलेलं दिसतं छान, पण मग कड पुरत नाही, ती ओढून ताणून जुळवावी लागते आणि ताणलेला सांधा ओव्हनमध्ये उघडतो. तुमचे तीन-चार रोल फुटले त्यात सारणाच्या वाफेइतकाच या ताणाचाही हात असावा.

समोरच्या मोकळ्या कडेला बोटभर रुंदीचा पाण्याचा किंवा फेटलेल्या अंड्याचा हात लावा. हात ओलसर, निथळणारा नको. जवळची कड उचलून सारणावर घाला, पुढे लोटत न्या आणि दीड-दोन सेंटिमीटर कड एकावर एक येऊ द्या. मग सबंध वळी फिरवून सांधा बरोबर खाली घ्या. सांधा बाजूला राहिला तर वाफ त्यालाच रेटते. खाली असला की रोलचं वजनच तो दाबून धरतं.

लगेच कापू नका. ही भरलेली वळी २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मग धारदार सुरी सरळ वरून खाली दाबून सहा-सहा सेंटिमीटरचे तुकडे करा, एका वळीचे सहा. सुरी करवतीसारखी मागेपुढे ओढली की कापलेल्या कडेचे पदर पुसले जातात. गार वळी नीट कापली की कडेवर पदरांच्या बारीक रेघा दिसतात, पुस्तकाची पानं कडेने दिसावीत तशा. त्या रेघा दिसल्या की रोल फुगणार याची मला निम्मी खात्री पटते. सुरी बोथट असेल तर तिथे रेघांऐवजी गुळगुळीत, चकचकीत पट्टा दिसतो.

वरून अंडं लावतानाही या रेघांना जपायचं. एक अंडं, चमचाभर दूध आणि चिमूटभर मीठ एकत्र फेटून ब्रशने फक्त वरच्या अंगाला लावा. ओघळ कापलेल्या कडेवर किंवा ट्रेवर आला तर तो वाळून पदरांना डिंकासारखा जखडतो आणि रोल एका बाजूने वाकडा फुगतो. अंडं चालत नसेल तर साय किंवा दूध लावा. चकाकी कमी येते, रंग पुरेसा येतो. त्यानंतर प्रत्येक रोलच्या पाठीवर सुरीच्या टोकाने दोन तिरक्या चिरा द्या, सारण जेमतेम दिसेल इतक्या. वाफेने आपली वाट तिथून काढली की ती सांध्याच्या मागे लागत नाही. गोठवायचे असतील तर अंडं आणि चिरा यातलं अंडं सकाळी लावा, चिरा मात्र आधीच द्या. दगड झालेल्या रोलवर सुरी घसरते.

आता ओव्हन. २१० अंश सेल्सिअसला पूर्ण तापू द्या. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती तापायला आणखी दहा मिनिटं द्या. याच वेळी एक रिकामा जाड पत्र्याचा ट्रे आत खालच्या खणात तापत ठेवा. रोल बटर पेपरवर मांडून तयार ठेवायचे आणि कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवायचे. तळाला पहिल्या क्षणापासून धग मिळते, तिथलं पीठ ओलावा शोषायच्या आत शिजू लागतं. तुमच्या अडचणीवर ओव्हनच्या बाजूने करता येण्यासारखा सगळ्यात मोठा उपाय हाच. काचेचा ट्रे असेल तर तो बाजूला ठेवा. काच सावकाश तापते, शिवाय तापलेल्या काचेवर गोठलेलं काही ठेवलं तर ती तडकू शकते.

पहिली १२ मिनिटं २१० वर, मग १९० वर आणखी १२ ते १५ मिनिटं. गोठलेल्या रोलना २०० वर साधारण ३० मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर सगळीकडे २० अंश कमी धरा. पहिल्या १५ मिनिटांत दार उघडू नका, तेव्हा पदर उचलत असतात आणि अजून कडक झालेले नसतात. रोलमध्ये दोन बोटं अंतर ठेवा. दाटीवाटीने मांडले की एकाची वाफ दुसऱ्याला ओलं करते. दोन ट्रे एकदम भाजायचा मोह होईल, दहा माणसं म्हटल्यावर साहजिकच आहे. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये तो टाळा. एकामागून एक भाजा, दुसरा घाणा तोवर फ्रीजरमध्येच राहू द्या.

झाले की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नका. उलथन्याने मधला एक रोल उचलून उलटा करा. तळ सगळीकडे तांबूस हवा, कडेला सोनेरी आणि मध्ये पांढरट असं चालणार नाही. बोटाच्या नखाने टिचकी मारा, कोरडा, पोकळ आवाज आला पाहिजे. ओला तळ मुका असतो. वरून रंग आला आणि खाली अजून पांढरं असेल तर वर सैलसर फॉइल घालून १७० वर पाच-सात मिनिटं आणखी ठेवा.

बाहेर काढल्यावर रोल लगेच जाळीवर घ्या. गरम ट्रेवर तसेच राहिले तर खालून निघणारी वाफ परत तळातच शिरते, आणि केलेली सगळी मेहनत पाच मिनिटांत वाया जाते. याच कारणाने डब्यात झाकून किंवा फडक्यात गुंडाळूनही ठेवू नका. दहा मिनिटांनी वाढा. सारण तोवर थोडं बसतं आणि तोंड भाजत नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी १६० अंशांवर आठ मिनिटं पुन्हा गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये घातले तर पाव भिजवल्यासारखे होतील.

कोणी खिम्याचं सारण करणार असेल तर त्याला वरचे सगळे नियम लागू आहेतच, शिवाय आतल्या तापमानाची काळजी घ्यावी लागते. लाल मांसाच्या खिम्याला आत ७१ अंश आणि कोंबडीला ७४ अंश गाठावे लागतात. मी खिमा आधी पूर्ण शिजवून, चरबी निथळून, गार करूनच भरते. सुटलेली चरबी पारीला पाण्याइतकीच जड करते. शिजवलेलं कुठलंही सारण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मोठ्या पातेल्यात ते तासन्‌तास कोमट राहतं, म्हणून पसरट ताटात काढून गार करा.

पेस्ट्री घरी करायची का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. दहा माणसांच्या रविवारी नको. एरवी जरूर करा, आणि सहा घड्यांच्या खटाटोपाऐवजी सोपी करा. २५० ग्रॅम मैद्यात ५ ग्रॅम मीठ, १८० ग्रॅम गार लोण्याचे बोराएवढे तुकडे, ११०-१२० मिलिलिटर बर्फाचं पाणी. लोण्याचे तुकडे दिसत राहतील असं नुसतं गोळा करून घ्या, मळू नका. लाटून तीन पदरी घडी घाला, अशा चार घड्या, दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये विश्रांती. विश्रांती चुकवली की कणीक लाटताना मागे खेचते आणि भाजताना आकसते. विकतची घ्यायची तर लोण्याची बघा. वनस्पती तुपाची पेस्ट्री हाताळायला सोपी, उन्हाळ्यात पटकन वितळत नाही, पण ती खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. गरम स्वयंपाकघरात पहिल्यांदा करणाऱ्याने ती घेतली तर मी दोष देणार नाही.

तुमच्या पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक मी असं लावलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी सारण, रात्री ते फ्रीजमध्ये, पेस्ट्रीही फ्रीजरमधून फ्रीजमध्ये. शनिवारी दुपारी निवांत भरायचं, वळ्या गार करायच्या, कापायच्या, चिरा द्यायच्या, गोठवायच्या. २४ रोलना अशा चार पट्ट्या आणि ७०० ग्रॅमच्या आसपास सारण लागेल. रविवारी लोक यायच्या तासभर आधी ओव्हन आणि रिकामा ट्रे तापत ठेवायचा, अंडं लावायचं आणि पहिला घाणा आत.

मात्र शनिवारी संध्याकाळी एक काम नक्की करा. गोठलेल्यांपैकी एकच रोल भाजून बघा. जाळीवर दहा मिनिटं ठेवून तो दातेरी सुरीने मधोमध आडवा कापा. वर पदरांची मोकळी कमान, मध्ये सारण आणि पारी यांच्यात केसाएवढी फट, खाली दोन-तीन मिलिमीटरचा कोरडा, थर मोजता येतील असा तळ दिसला तर रविवारी आकडे तेच ठेवा. तळाशी राखाडी, चकचकीत रेघ दिसली तर ती कच्च्या पिठाची आहे. मग सकाळी ट्रे एक खण खाली घ्या आणि पाच मिनिटं वाढवा. तळ कोरडा असूनही वर कमान उचललीच नसेल तर पेस्ट्री भरताना मऊ पडली होती. त्यावर आता इलाज नाही, पण सारण चांगलं कोरडं असेल तर चवीला ते रोल तरीही छान लागतील.